हेंड्री स्पिंकचे चेंडू

हेंड्री स्पिंकने हाताने घडवलेला गोल्फचा चेंडू चांगल्या खेळाडूने मारला, तर जाताना तो समुद्राकडे वळे आणि परतताना दफनभूमीकडे. वाईट खेळाडूने मारला तर यातले काहीच होत नसे.

“गेला!” डॉक्टर लेस्लींनी काठी वाळूत टेकवली. “वॉटी, माझी काठी तिरपी लागली का रे?”

“नाही, डॉक्टरसाहेब. सरळ टोला, आणि फक्त उलटी फिरकी. याहून स्वच्छ मारता येत नाही.”

समुद्रावरून आलेले धुके गवतावर बसले होते. चेंडू शंभर यार्ड नाकासमोर गेला होता. मग कोणी बोट धरून न्यावे तसा अलगद डावीकडे वळून पाण्यावरच्या पांढऱ्यात शिरला. पडल्याचा आवाज आला नाही.

वॉटी पेट्री अठ्ठावीस वर्षे कॅडी म्हणून दुसऱ्यांच्या काठ्या वाहत आला होता. फिरकी ही त्याची बाराखडी होती. काठी बाहेरून आत आली की चेंडू उजवीकडे झुकतो, आतून बाहेर गेली की डावीकडे. खेळाडूचे खांदे पाहूनच तो चेंडू कुठे पडणार हे सांगत असे. या टोल्यात त्याला काहीही वाचता आले नाही.

“जेमनं मागून घेतला,” मागून खेळत येणाऱ्या जोडीचा कॅडी सँडी पुटपुटला आणि इडापिडा टळावी म्हणून त्याने काठीच्या लोखंडाला बोट लावले. हेंड्रीचा मुलगा जेम चार वर्षांपूर्वी इथल्याच खडकांपाशी होडीसकट बुडाला होता, आणि त्याची आई अ‍ॅन दफनभूमीत होती. “येताना बघ, आई घेईल. बापाच्या हातचं दोघं वाटून घेतात.”

“गप रे,” वॉटी म्हणाला. पण लोखंडाला बोट त्यानेही लावले.

चेंडूंच्या दुकानाच्या मालकीण गेडिसबाईंनी कालच बजावले होते, “शनिवारच्या सामन्यापर्यंत हे थांबलं नाही, तर हेंड्रीचं बाक उचलते. शहरातून साच्यातले चेंडू आलेत. मेलेल्यांना गिऱ्हाईक करून मला दुकान नाही चालवायचं.” चौतीस वर्षे हेंड्री त्या बाकावर, चेंडू नीट उडावेत म्हणून, हातोडीने त्यांच्यावर खाचा ठोकत होता. दुसरे काही त्याला येत नव्हते.

परतीच्या वाटेवर दफनभूमीची भिंत धुक्यातून पुढे सरकू लागली, तेव्हा वॉटीच्या मनात एक साधी गोष्ट आली. जाताना समुद्र डाव्या हाताला होता. आता दफनभूमीही डाव्याच हाताला होती. मेलेल्यांना डावे-उजवे कळत असेलही. पण ते प्रत्येक खळीचा फक्त पहिलाच टोला का उचलत होते? चेंडू एकदा गवतावर पडला, की पुढच्या टोल्यांना तो मुकाट्याने सरळ जाई.

पहिल्या टोल्यासाठी चेंडू वाळूच्या चिमटीवर कॅडी ठेवतो. बनवणाऱ्याचे नाव वर आणि खेळाडूला सुलट वाचता येईल असे, ही त्या गावची रीत. वॉटीच्या हाताला ती लहानपणी छडीने लावलेली होती. त्याने खाली वाकून पहिल्यांदाच ती मोडली आणि नाव वरच, पण खेळाडूला उलटे दिसेल असे ठेवले.

डॉक्टरांनी टोला मारला. चेंडू सरळ गेला आणि उजवीकडे वळून सलगमच्या शेतात पडला.

“आता तिकडे कोण मेलंय?” डॉक्टरांनी विचारले.

“कोणी नाही, डॉक्टरसाहेब,” वॉटी म्हणाला. खेळ संपताच तो दुकानाकडे निघाला.

दुकानात गरम पाण्याची आणि चेंडू ज्याचे बनत त्या झाडाच्या चिकाची वाफ कोंदली होती. वॉटीने बाकावरचा रंगवलेला चेंडू उचलून नख फिरवले. नावाखालच्या अर्ध्या भागात ते अडकत गेले. नावाच्या वरच्या अर्ध्या भागात खाचा डोळ्यांना दिसत होत्या, नखाला मात्र लागत नव्हत्या.

“हेंड्री, डावा हात दाखव.”

“कशाला? भविष्य सांगतोस?”

“दाखव म्हणतो ना.”

तीन बोटांवर भाजल्याचे फोड होते, एक फुटलेला. हेंड्रीला त्याचा पत्ता नव्हता.

“नाताळानंतर एका सकाळी उठलो तर ही मेलेली,” तो म्हणाला. “अलीकडची बाजू ठोकतो. पण चेंडू फिरवून घ्यायला बोटं लागतात रे. पलीकडे मग सुरीनं रेघा ओढतो. बाईंना कळलं असतं तर त्याच दिवशी घरी पाठवलं असतं.”

“त्या रेघा रंगानं भरून जातात. चेंडू त्यामुळे वळतो.”

हेंड्रीने तो चेंडू त्याच्या हातातून घेतला. “म्हणजे जेम नव्हता.”

“नाही.”

“अ‍ॅनही नाही?”

“नाही, हेंड्री.”

“मी वाळूच्या टेकाडामागं जाऊन बघायचो. चेंडू वळला की वाटायचं, ओळखलं पोरानं.” तो हसल्यासारखे करून थांबला. “खुळा म्हातारा.”

“मी कोणाला सांगणार नाही.”

“सांगितलं काय, न सांगितलं काय, बाक जायचंच. मग पोराला चोर कशाला ठरवू द्यायचं? आणि त्याच्या आईला?”

शनिवारी सामन्याआधी, डॉक्टर, गेडिसबाई आणि सगळे कॅडी जमलेले असताना, हेंड्रीने एका चेंडूचा रंग खरवडून काढला आणि तो हातोहात फिरवला.

“ही बाजू ठोकलीय, ही नुसती सुरीनं ओरखडलीय. नख लावून बघा,” तो म्हणाला. “माझ्या माणसांनी तुमचं काही नेलेलं नाही.”

सँडीने टोपी काढली. हेंड्रीने हातोडी गेडिसबाईंच्या पुढ्यात ठेवली.

नावाखालचा अर्धा चेंडू खडबडीत होता, वरचा जवळजवळ गुळगुळीत. स्वच्छ टोल्याची उलटी फिरकी चेंडूला चाकासारखी फिरवी, आणि चाकाच्या आसाची टोके जशी बाजू बदलत नाहीत तशी खडबडीत बाजू उड्डाणभर डावीकडेच राही. तिथे हवा अधिक वेळ चेंडूला धरून वाहे, आणि चेंडू त्या बाजूला ओढला जाई. वाकड्या टोल्यात आसच तिरपा होई, दोन्ही बाजू आलटून पालटून पुढे येत आणि परिणाम पुसला जाई. गावाच्या रिवाजाने चेंडू दर वेळी एकाच तोंडाने ठेवला जाई. आणि हेंड्री स्पिंकच्या डाव्या हाताची तीन बोटे चेंडू फिरवू शकत नव्हती.