काठवटीला बांधलेला पाळणा

मित्रांनो, या पृथ्वीच्या पाठीवर आजवर जेवढे राजे, सेनापती, साधू आणि विद्वान होऊन गेले, त्या साऱ्यांना पहिला आधार आमच्या कुळाने दिला. माणसाच्या थोरवीचा उगम आमच्यापाशी आहे. आणि त्या सगळ्या थोरांनी वयाच्या पहिल्याच आठवड्यात आमच्यावर मुतून आमचे आभार मानले आहेत.

मी एक जुना पाळणा आहे. मुक्काम इंझोरी, मनकर्णाबाईंच्या घरी.

मला कामरगावच्या चंपत सुताराने सन एकोणीसशे आठ साली घडवले. लाकूड मानोऱ्याकडच्या जंगलातले, अस्सल सागवान. चार कातीव खूर, त्यांवर लाखेचा तांबडा-हिरवा रंग, आणि चार कोपऱ्यांना चार पोपट. त्यातल्या एका पोपटाची मान उलटी बसली, कारण चंपत त्या वेळी कुणाशी तरी बोलत होता. विचारले तर म्हणाला, "तो मांगं ध्यान ठेवते." लोकांना ते पटले. माझे पोट मात्र लाकडाचे नव्हे, नवारीचे. चंपतने त्यात मूठ दाबून पाहिली आणि समाधानाने मान हलवली. "पोट असं पायजे का लेकरू आत रुतलं पायजे. पुन्यांदा हालू नये." सगळ्यांनी त्याची तारीफ केली. पोट सुटणे ही सुखवस्तूपणाची खूण आहे असे तेव्हा माणसांतही मानत, म्हणून मीही आनंदाने ते मिरवू लागलो.

मला सांगून करवून घेतले होते एका बाळासाठी. मनकर्णाबाईंना झाली मात्र दोन. चंपतकडे दुसऱ्या पाळण्याचे लाकूड नव्हते आणि बाळांकडे थांबायला वेळ नव्हता. म्हणून एक माझ्यात निजले आणि दुसऱ्याला त्यांची जाऊ आपल्या बाजेवर घेऊन निजली. माझ्यातले वाचले. त्याचे नाव जगदेव. बाजेवरचे नवव्या दिवशी गेले. का गेले ते कुणाला कळले नाही. मनकर्णाबाईंनी मात्र मनाशी एक कारण पक्के केले: जुळी एकमेकांपासून तोडली, म्हणून एक गेले.

त्यानंतर मी सव्वीस वर्षे काम केले. मनकर्णाबाईंची पुढची पाच लेकरे, मग भाच्या, पुतणे, शेजारी. गावात माझी मागणी इतकी, की बाळ पोटात असतानाच लोक मला सांगून ठेवत. ज्याचे बारसे माझ्यात झाले नाही, त्याच्याकडे लोक जरा दयेने बघत. प्रत्येक बाळागणिक माझी नवार थोडी सैल होत गेली आणि पोटाचा झोळ खोल होत गेला. ते कुणी पाहिले नाही. लोक माझे पोपट पाहत.

चौतीस सालच्या मार्गशीर्षात जगदेवची बायको गिरजा बाळंत झाली. तिला माहेरी आई नव्हती, म्हणून बाळंतपण सासरीच. दिवस महिनाभर आधीच भरले. आधी मुलगा आला, चांगला गरगरीत. सुईण रंगूबाई हात धुवायला उठली आणि परत बसली. "थांब वं माय," ती म्हणाली, "आनखीन एक हाये." दुसरी मुलगी. ती इतकी लहान होती की जगदेवच्या दोन तळहातांत पुरती मावली, आणि तो हात हलवायला घाबरून अर्धा तास तसाच उभा राहिला.

पाचवी पुजली आणि मनकर्णाबाईंनी मला आढ्याला टांगले. खाली मऊ गोधडी, डोक्याखाली राईची उशी, वरून दुलई. मग दोघांना उचलून शेजारी शेजारी निजवले. गिरजा भीतभीत म्हणाली, "आत्याबाई, दोघांइले जागा पुरन का?"

"पोटात नऊ महिने पुरली ना?"

"आठच होते."

"तेच सांगून राह्यली मी. एका जागी आले, एका जागी निजतीन. त्याईले तोडाचं नाई."

गिरजाने दोघांवरची दुलई सारखी केली. त्या घरात ते दुसरे बाळ कुणाचे गेले होते, हे तिला ठाऊक होते.

मित्रांनो, पुढचे मी सांगणार नव्हतो. पण आत्मवृत्तात फक्त पोपटांचे वर्णन करून भागत नाही. दुपारची वेळ होती. गिरजा जेवायला बसली होती, मनकर्णाबाई अंगणात तुरीच्या शेंगा पाहत होत्या. मी हलत होतो. प्रत्येक झोक्याबरोबर दोन्ही बाळे माझ्या झोळात थोडी थोडी घसरत होती. थोरला जड, तो आधी तळाशी गेला. धाकटी त्याच्या अंगावर घरंगळली, आणि तिचे तोंड त्याच्या खांद्यात आणि दुलईत रुतले. ती रडली नाही. रडायला तोंड मोकळे लागते. मला ते कळत होते. मी करकरलो. जोरात करकरलो. अंगणातून मनकर्णाबाई कौतुकाने म्हणाल्या, "पाहा, पाळना गानं म्हनून राह्यला."

त्याच वेळी रंगूबाई तेल लावायला आली. तिने आल्या आल्या दुलई बाजूला सारली आणि तिच्या तोंडातला पानाचा तोबरा तिथेच जमिनीवर पडला. धाकटीचे ओठ निळे पडले होते. रंगूबाईने तिला उचलले, बोटाने तोंड पुसले, पाठ चोळली, तळव्यांवर टिचक्या मारल्या. जग थांबल्यासारखे झाले. मग मांजराच्या पिल्लासारखा एक बारीक आवाज आला, आणि त्या आवाजाहून गोड गाणे मी सव्वीस वर्षांत ऐकले नव्हते.

गिरजा उष्ट्या हातानेच धावत आली आणि धाकटीला छातीशी धरून खाली बसली.

"कोनं निजवलं दोघांइले एकात?" रंगूबाईने विचारले.

"मी," मनकर्णाबाई म्हणाल्या.

"याच्या पोटाले झोळ किती पडला पाह्यलं का? बैल बसन याच्यात!"

भर घरात, माझ्याबद्दल! मी चिडलो. मित्रांनो, टीका खरी असली की ती ऐकणाऱ्याला लगेच कळते, म्हणूनच तो चिडतो.

मग लेकरांना निजवायचे कुठे, यावर घरात सभा भरली. गिरजा म्हणाली, "माह्या बाजूले निजतीन. एक इकून, एक तिकून."

"तू थकेल हायेस," रंगूबाई म्हणाली. "डोया लागला का हात कुठं पडन, तुले कयनार बी नाई. अन बाजेले बी झोळच हाये."

"झोळी बांधू," जगदेव म्हणाला.

"झोळीत मान छातीले टेकते. इतकुशा जीवाचा दम कोंडते."

"मंग सुपात?"

"सूप कलंडन. अरे बाप्पा, मले कडक पायजे, सपाट पायजे. पोट नसलेलं कायी हाये का तुमच्या घरात?"

सगळे घरात पोट नसलेले काही शोधू लागले. पाट निघाला, तो अरुंद. चौरंग निघाला, त्याला कड नाही. टोपले निघाले, ते गोल बुडाचे. शेवटी रंगूबाईची नजर स्वयंपाकघराच्या दारातून आत गेली आणि तिथेच थांबली.

आत भिंतीला टेकून मनकर्णाबाईंची काठवट उभी होती. काठवट म्हणजे भाकरीचे पीठ मळायचे अखंड लाकडाचे भांडे. ही त्यांनी लग्नात माहेरून आणलेली, लांबरुंद, सपाट बुडाची, चहूबाजूंनी चार बोटे कड. लग्नाकार्यात हिच्यात गावभराच्या भाकरींचे पीठ मळले जाई. तिला ना रंग, ना पोपट. आम्ही एकमेकांशी कधी बोललो नव्हतो.

"हे," रंगूबाई म्हणाली.

मनकर्णाबाई उसळल्या. "रंगू, तुले समजते का? सुयेर हाये घरात!"

सुयेर म्हणजे बाळंतपणाचा विटाळ. बाळंतिणीच्या खोलीत गेलेले भांडे बारा दिवस चुलीपाशी येत नसे. पितळेचे असले तर घासून घ्यायचे, मातीचे असले तर फोडून टाकायचे. लाकडाचे काय करायचे, हे मात्र कुणी सांगून ठेवले नव्हते, कारण लाकडाचे आत नेण्याइतके वेडे आजवर कुणी झाले नव्हते.

"अन दुसरं," मनकर्णाबाई हळू आवाजात म्हणाल्या, "काठवट एक हाये. म्हंजे एक हिच्यात, एक कुठं दुसरीकडं. तोडाचं त्याईले. एकडाव तोडली होती मी."

जगदेव खाली पाहू लागला. जे गेले होते ते त्याच्याच पाठचे होते.

रंगूबाई त्यांच्याजवळ जाऊन बसली. "मनकर्णाबाई, तवा बी मीच होती ना? ते लेकरू कायनं गेलं, मले आजबी ठाऊक नाई. मी लय आठवून पाह्यलं. पन एकटं निजलं म्हून गेलं, असं नाई वं. ते तं एकटं नव्हतंच. जावंच्या कुशीत होतं."

मनकर्णाबाई उठल्या, आत गेल्या, आणि काठवट दोन्ही हातांनी उचलून, सरळ उंबरा ओलांडून बाळंतिणीच्या खोलीत घेऊन आल्या. पदराने पुसली. पुन्हा पुसली.

"भाकर काय, परातीत बी होते," त्या म्हणाल्या.

गिरजाची बाज बाहेर गेली आणि तिचे अंथरूण जमिनीवर आले. शेकाची शेगडी धूर नको म्हणून दाराबाहेर गेली. काठवटीत जुन्या लुगड्याची एकच घडी ताणून अंथरली. उशी नाही, दुलई नाही. अंगात अंगडे, डोक्याला टोपडे. त्यात धाकटीला उताणी निजवली, गिरजाच्या हाताच्या अंतरावर. थोरल्याचे काय करायचे, असा प्रश्न उरला तेव्हा रंगूबाईने माझ्याकडे पाहिले. मला वाटले, आता मला चुलीत घालणार. पण तिने जगदेवकडून एक जाड फळी मापात कापून घेतली आणि माझ्या पोटात घट्ट बसवली. मला आढ्यावरून उतरवून जमिनीवर, काठवटीशेजारी ठेवले आणि थोरल्याला त्या फळीवर निजवले. सव्वीस वर्षे वरून जग पाहिले होते. आता एका पीठ मळायच्या भांड्याच्या बरोबरीला बसलो.

एवढ्याने मनकर्णाबाईंचे मन भरले नाही. त्यांनी तांबडा दोरा आणला, एक टोक माझ्या खुराला बांधले, दुसरे काठवटीच्या कानाला.

"आता एका दोऱ्यात हायेत," त्या म्हणाल्या.

"बांधा," रंगूबाई म्हणाली. "पन लेकरांच्या आंगाले दोरा नको."

अशा रीतीने पाळण्याला काठवटीशी बांधण्याचा मान, माझ्या माहितीत तरी, मलाच प्रथम मिळाला. खूर जमिनीला टेकलेले, त्यात हा दोरा, म्हणून मला झोका देता येईना. पाळणा असून हलायचे नाही! पहिले दोन दिवस मला फार अपमान वाटला. तिसऱ्या दिवशी धाकटी एकदा पोटभर दूध प्यायली आणि मोकळ्या तोंडाने जांभई दिली. तिच्या तोंडावर काही नव्हते, शेजारी कुणी नव्हते. त्यानंतर मी हलण्याचा विचार सोडून दिला.

बारशाला गावातल्या बाया आल्या आणि तोंडाला पदर लावून हसल्या. गोजराबाई म्हणाली, "काय वं मनकर्णाबाई, नातीच्या भाकरी थापता का?"

"थापतो ना," मनकर्णाबाई म्हणाल्या. "तुह्या तोंडावानी चपटी नाई होऊ देनार, फुगवीन चांगली!"

आणि ती खरेच फुगली. चार महिन्यांनी धाकटी कुशीवर वळू लागली, तशी काठवटीच्या कडेवरून बाहेर येऊ नये म्हणून तिला तिथून काढून जमिनीवरच्या सतरंजीवर आणले. तोवर जगदेव परातीतल्या पिठाच्या भाकरी खात होता. एकदा म्हणाला, "माय, भाकर चिरली."

"मंग पोरीले काठवटीतून काढू का?"

जगदेवने चिरलेली भाकर दोनदा मागून खाल्ली.

पुढच्या वर्षी गोजराबाईच्या सुनेला बाळ झाले. गोजराबाई आमच्याकडे आली. मी पोपट सावरून बसलो. तिने माझ्याकडे पाहिलेही नाही. "मनकर्णाबाई," ती हळूच म्हणाली, "तुमची काठवट दोन-चार महिने देता का?" हसणारेच असे काठवट मागत येतात, हे पाहून मला हसावे की रडावे कळेना. पाळण्याला दोन्ही येत नाही, म्हणून निभावले.

मित्रांनो, मी आता जुना झालो आहे. माझी फळी काढून कोंबड्यांच्या खुराड्याला लावली. मला पुन्हा आढ्याला टांगले आहे, पण बाळासाठी नव्हे. आता मी घरचे कांदे सांभाळतो. मला कुणाचा राग नाही. तुम्हाला सांगायचे एवढेच, की तान्ह्या बाळाला सजवलेली जागा नको असते. त्याला कडक, सपाट आणि स्वतःची जागा हवी असते. उताणे निजायला, तोंड मोकळे ठेवून, आईच्या हाताशी. दोन बाळे असतील तर दोन जागा करा. माया करायची असेल तर दोऱ्याने करा, दुलईने नको. आणि पाळणा करकरला, तर तो गातो आहे असे लगेच समजू नका. उठून एकदा पाहा.

माझ्यात कांदे भरते ती धाकटीच. आता बारा वर्षांची आहे, दणकट आहे, आणि पाटीभर कांदे एकदम माझ्यात ओतते. पोरी, तुझे आयुष्य शंभर वर्षांचे होवो. पण सगळे कांदे माझ्या झोळात एकावर एक घसरतात बघ, आणि अगदी तळाचा एक नासला आहे. तेवढा काढून टाक. फार वास येतो.