मुलाला चालून दाखवा

चांगुणाबाईंचा अश्विन चालायला तसा वेळेवरच लागला होता. पुढे त्या हे येईल त्याला सांगायच्या आणि कोणाचाही विश्वास बसायचा नाही. मग त्या नवऱ्याकडे वळायच्या, "अहो, सांगा की! वर्षाच्या आत पाऊल टाकलं होतं ना त्यानं?" छापखान्यात कारकुनी करणारे पुंजाराम डोळ्यांवरचा पेपरही न हलवता म्हणायचे, "टाकलं होतं." तेही असं, जणू कोर्टात साक्ष देतायत.

भानगड सुरू झाली ती अश्विन आठवीत असताना, म्हणजे चौऱ्याण्णव साली. नाशिकच्या द्वारका चौकाजवळच्या एका गॅरेजमधून त्यानं टाकून दिलेली बेअरिंगं आणली, द्राक्षांच्या लाकडी खोक्याची फळी काढली आणि गाडी केली. अशा गाड्या सगळीच पोरं करतात. फळीवर पोट टेकवून उतारावरून घसरतात, कोपरं सोलून घेतात आणि दहावी आली की सोडून देतात. अश्विन फळीवर पोट न टेकता उभा राहिला, आणि मग उतरलाच नाही.

दळणाला फळीवर, दुधाला फळीवर. सातपूरच्या त्यांच्या कॉलनीत खर्रर्र आवाज आला की बायका उंबऱ्यातली पोरं उचलून घ्यायच्या. डाव्या पायात चप्पल, कारण तो फळीवर; उजवा पाय अनवाणी, कारण तो ढकलायला. चांगुणाबाई बालवाडीत शिकवायच्या. दिवसभर दुसऱ्यांच्या पोरांना ओळीत चालवून घरी यायच्या, तर त्यांचा स्वतःचा पोरगा ओट्यापासून मोरीपर्यंत गडगडत जायचा.

"अरे, पाय दिलेत ना देवानं?" शेजारीण म्हणायची.

"देव आम्ही मानत नाही," चांगुणाबाई म्हणायच्या, "पण पाय दिलेत, हे खरं."

तो प्रसिद्ध झाला तो एका नव्या रस्त्याच्या उद्घाटनाला. रस्ता उताराचा. खाली मंत्री, ताणलेली फीत आणि लांबलेलं भाषण. वरून अश्विन आला. फीत त्याला दिसली होती, पण फळीला ब्रेक नव्हता. फीत छातीवर घेऊन तो तसाच पुढे निघून गेला. मंत्र्यांनी हातातल्या कात्रीकडे पाहिलं, फीत गेली त्या दिशेला पाहिलं, मग गळ्यातल्या हाराचा दोरा कापला. टाळ्या पडल्या. गावातल्या केबलवाल्याकडे त्या आठवड्यात दाखवायला दुसरं काहीच नव्हतं, म्हणून त्यानं हेच दाखवलं, सकाळ-संध्याकाळ.

ते पाहून मुंबईचं एक चॅनेल आलं. त्यांना उडी हवी होती. पिंपळगाव बसवंतच्या बाजारात कांद्याच्या ट्रॉलीवरून अश्विन उडी मारणार, असं ठरलं. पहिल्या वेळी तो कांद्यात पडला. दुसऱ्या वेळीही कांद्यातच पडला. तिसऱ्या वेळी तो हवेत असतानाच ट्रॉली निघून गेली, कारण तिचा लिलाव पुकारला होता. रिकाम्या जागेवरची ती उडी सगळ्यात उंच गेली, आणि तीच दाखवली. सूत्रसंचालन करणारी मुलगी कांद्यानं रडत होती. लोकांना वाटलं गहिवरली, म्हणून घराघरांतून लोकही रडले.

त्यानंतर बंगलोरच्या स्पर्धेत तो पहिला आला. दुसरा कोणी आलाच नव्हता. पेपरात छापून आलं, 'व्यावसायिक स्केटबोर्डपटू'.

"म्हणजे पगार कोण देतं?" पुंजारामांनी विचारलं.

"पगार मिळतो तो नोकरदार, बाबा. मला मिळत नाही, म्हणून मी व्यावसायिक."

पुंजारामांनी पेपर पुन्हा डोळ्यांवर घेतला.

पैसा आणला तो धनराजशेठनी. त्यांचा मालेगावला चपलांचा कारखाना होता, आणि त्यांच्या चपला दोन महिन्यांत झिजायच्या. हे गिऱ्हाइकांना माहीत होतं आणि शेठनाही. ते सत्काराला म्हणून घरी आले, दारात चपला काढताना खाली वाकले आणि वाकलेलेच राहिले. अश्विनची डावी चप्पल तिथं पडली होती, शेठच्याच कारखान्यातली. तिच्या तळाच्या रेघासुद्धा नव्या होत्या.

"ही कधीची?"

"नववीपासूनची," चांगुणाबाई म्हणाल्या.

शेठ तिथंच उंबऱ्यावर बसले. त्यांनी पाणी मागितलं.

दोन महिन्यांत नाशिकभर फलक लागले. फळीवर उभा असलेला अश्विन, खाली अक्षरं: 'वर्षानुवर्षं वापरतो, झिजत नाही!' यात एक अक्षर खोटं नव्हतं. शेठची अट तेवढी एकच. चारचौघांत पाय जमिनीला लावायचा नाही.

"चाललास की झिजली," शेठ म्हणाले, "आणि झिजली की आपण संपलो."

"मग अनवाणी चालतो."

"तू अनवाणी हिंडायला लागलास, तर चपला विकू कोणाला?"

म्हणून ढकलायला एक काठी आली. तळाला रबरी टोपण लावलेली. नावाडी बांबू टेकवत नाव नेतो, तसा अश्विन काठी टेकवत कॉलेज रोडवरून जाऊ लागला, दोन्ही पायांत चपला घालून. चपला खपल्या. नव्या दोन महिन्यांत झिजायच्याच, पण लोकांना वाटायचं आपल्याच चालण्यात काहीतरी चुकतंय. लोक पुन्हा घ्यायचे, आणि हळू चालायचे.

मग अंबडला दुसरा कारखाना झाला, त्यात अश्विनची निम्मी भागी. छत्र्यांवर त्याचं चित्र आलं, दप्तरांवर आलं. टीव्हीवरच्या नाचाच्या स्पर्धेत तो परीक्षक झाला आणि पायांच्या कामाबद्दल मुलांना सूचना देऊ लागला. गंगापूर रोडला बंगला बांधला, त्यात एकही पायरी नव्हती, नुसते उतार. वरच्या मजल्यावर चांगुणाबाईंच्या हातून लिंबू सुटलं की थेट फाटकाबाहेर जाऊन थांबायचं. त्या स्वतः दोरी धरून वर चढायच्या.

आता राहिलं लग्न. चांगुणाबाईंना नातवंडांची घाई नव्हती. त्यांना धास्ती वेगळीच होती. आपण गेल्यावर ह्याला फळीवरून खाली उतर म्हणणारं कोणी उरणार नाही. बाकी सगळ्या दुनियेला तो वरच हवा होता.

स्थळं मात्र टिकायची नाहीत. ह्याचे पाय लाकडाचे आहेत, अशी बोलवा होती. कोणी म्हणायचं, पाय आहेत पण फळीला खिळे मारून बसवलेत. मुलीकडचे आनंदानं चहा पाजायचे, फोटो काढून घ्यायचे आणि दुसऱ्या दिवशी फोन करायचे, मुलीला पुढे शिकायचंय. एक मुलगी डॉक्टरेट झालेली होती. तिलाही पुढे शिकायचं होतं.

आणि अशात अश्विनला नाशिकरोडच्या पोस्टातली रोशनी आवडली. पोस्टाला तीन पायऱ्या होत्या. तो खाली थांबून हाक मारायचा, ती खिडकी सोडून पायऱ्या उतरून यायची आणि त्याचं रजिस्टर पत्र घेऊन जायची. पत्रं तो स्वतःलाच पाठवायचा. रोशनीला ते दुसऱ्याच दिवशी कळलं होतं, तरी ती उतरून येत राहिली. हे चांगुणाबाईंना कळलं तेव्हा त्यांनी ठरवून टाकलं, हीच. हिनं नाही म्हटलं, तर पोरगा फळीवरच म्हातारा होईल.

दोन हजार आठच्या मार्चमध्ये मुलगी बघायला गेले. चांगुणाबाई, पुंजाराम, आणि मुलाचे काका म्हणून राखणीला धनराजशेठ. अश्विन सोफ्याशेजारी फळीवर उभा. समोर रोशनीचे वडील आणि कळवणहून मुद्दाम आलेली आजी, नवसाबाई. पोहे झाले, चहा झाला, नाव-शिक्षण विचारून झालं. मग चांगुणाबाईंच्या तोंडून, त्यांच्या सासूनं त्यांना विचारलं होतं तेच सवयीनं निघून गेलं.

"जरा चालून दाखवतेस का, बाळा?"

रोशनी उठली, टीव्हीपर्यंत गेली, परत येऊन बसली.

"झायं?" नवसाबाई म्हणाल्या. "मन्ही नात चालनी. आते तुमना पोऱ्या चालू दे."

धनराजशेठनी चहाचा कप खाली ठेवला.

"आजी," धनराजशेठ हसत म्हणाले, "अहो, तो रोज टीव्हीवर दिसतो."

"टीव्हीमा पाय दिसतस. चालताना कधी दिसना नई."

"पण त्याचा धंदाच..."

"काका," रोशनी म्हणाली, "आजी बरोबर बोलतेय. मला आजवर तिघांनी चालवलं. एकांनी तर जिन्यावरून वरखाली करायला लावलं. आम्ही एकदा विचारलं तर काय झालं?" मग ती अश्विनकडे वळली. "पोस्टाच्या पायऱ्या मी रोज उतरते. तुम्ही फळीवरून उतरणार नसाल, तर मला आत्ताच सांगा. मी नाही म्हणेन आणि रडेन, पण नाहीच म्हणेन."

"अश्विन, दोन कारखाने आहेत," शेठ हळूच म्हणाले.

अश्विननं काठी भिंतीला टेकवली. त्याच्या कपाळावर घाम आला होता. ट्रॉलीवरून उडी मारताना आला नव्हता इतका.

"आई," तो म्हणाला, "आधी कुठला पाय?"

चांगुणाबाईंनी सांगायला तोंड उघडलं आणि ते उघडंच राहिलं. कुठला? रोज तर चालतो आपण. त्या उठल्या, एक पाय उचलला आणि तसाच धरून उभ्या राहिल्या.

"उजवा," पुंजाराम म्हणाले. खात्रीसाठी उठून दोन पावलं चालून आले. "नाही, थांब. डावा."

"परेडला डावा असतो," रोशनीचे वडील म्हणाले, "पण घरात..." आणि तेही उठून स्वयंपाकघरापर्यंत जाऊन आले. येताना वेगळाच पाय पडला, म्हणून पुन्हा गेले.

"आधी काठी," नवसाबाईंनी निकाल दिला.

धनराजशेठना राहवेना. आयुष्य चपलांत गेलेला माणूस! "अहो, सोपं आहे, हे असं," म्हणत ते निघाले आणि टीपॉयला अडखळून पुंजारामांवर पडले. पाचच मिनिटांत त्या खोलीत नीट चालता येणारं एकही माणूस उरलं नाही. जो तो मान खाली घालून स्वतःच्या पायांकडे बघत, थबकत, पुटपुटत हिंडत होता.

आणि त्या गोंधळात अश्विन उतरला.

चांगुणाबाईंनी पाहिलं, कारण त्या एक पाय वर धरून जागीच अडकल्या होत्या. डावा गुडघा वाकलेला, उजवा पाय मागे सारतोय, दोन्ही हात पसरलेले. करकोचा चिखलातून निघालाय जणू. एक पाऊल. मग दुसरं. मग त्याला वेग आला, आणि लोखंडी कपाट येईपर्यंत तो गेला. कपाटाला त्यानं मिठी मारली. आतली भांडी वाजली तेव्हा सगळ्यांनी मान वर केली.

"झालं का?" शेठ ओरडले. "कोणी बघितलं?"

"मी," चांगुणाबाई म्हणाल्या आणि त्यांनी आपला पाय खाली ठेवला.

"मी बी," नवसाबाई म्हणाल्या. "लंगडा नई. शिकाडेल नई, इतलंच."

शेठ तोवर फरशीवर आडवे झाले होते आणि अश्विनच्या चपलेचा तळ बघत होते.

रोशनी म्हणाली, "आम्ही कोपऱ्यापर्यंत जाऊन येतो."

चांगुणाबाई फाटकात उभ्या राहिल्या. गल्लीतल्या खिडक्या उघडल्या. एक रिक्षावाला रिक्षा थांबवून उभाच राहिला. "ए, अश्विन चालतोय! अश्विन चालतोय!" पोरं ओरडत सुटली. अर्ध्या वाटेवर अश्विन कोणाच्या तरी ओट्यावर मटकन बसला. चांगुणाबाई धावल्या. पडला वाटतं! पण तो पडला नव्हता. त्यानं चप्पल काढली होती आणि अंगठ्याजवळ आलेल्या फोडाकडे तो बघत होता.

"आई, ही चावते गं."

"चावते, बाळा."

"तुला माहीत होतं?"

"सगळ्यांनाच माहीत आहे."

"मग तू घालतेस कशी?"

"मी कुठं घालते?" चांगुणाबाईंनी पाय पुढे केला. "मी मेन रोडवरून दुसऱ्या कंपनीची घेते."

अश्विननं आईच्या पायाकडे पाहिलं, मग रोशनीच्या. तिच्याही पायात दुसऱ्या कंपनीचीच होती. रोशनीनं पदराआड तोंड नेलं, पण खांदे हलत होते.

"इतकी वाईट चप्पल मी लोकांना..." तो म्हणाला. "मला कोणी बोललं का नाही?"

"तू कुठं चालत होतास?"

त्याला हे पटलं. त्यानं दोन्ही चपला आईच्या हातात दिल्या, उठला आणि अनवाणी पाय डांबरावर ठेवला. "हाय हाय!" करत दुसरा उचलला.

"सावलीतून चला," रोशनी म्हणाली. "भिंतीच्या कडेनं."

दोघं भिंतीच्या कडेनं निघाले. तो अजून डावीकडे कलत होता. ती त्या बाजूला झाली. कोपऱ्यावर पोचले, तिथून परत फिरायचं होतं. फिरले नाहीत, पुढेच गेले.

चांगुणाबाई चपला घेऊन घरात आल्या. शेठ सोफ्यावर डोकं धरून बसले होते. नवसाबाईंनी भुवया उंचावल्या.

"काय ठरनं?"

"तारीख मे महिन्यातली नको," चांगुणाबाई म्हणाल्या आणि पोह्यांची राहिलेली बशी जवळ ओढली. "डांबर फार तापतं. आणि नवरदेव चालत यायचाय."