पांढऱ्या शर्टाचं काळं बटण

आमची सून चित्रं काढते. लग्न होऊन आली तेव्हा तिच्या बॅगेत कपड्यांपेक्षा रंगांच्या नळ्याच जास्त. सहा वर्षांनी एकदाचं तिचं प्रदर्शन लागलं, तीन दिवसांचं. दुसऱ्या दिवशी तोंड पाडून घरी आली.

"आई, लोक येतात, पण थांबत कुणीच नाही. उद्याही असंच झालं तर रंग, ब्रश सगळं माळ्यावर."

"माळ्यावर जागा नाही," मी म्हटलं, आणि तिसऱ्या दिवशी तिच्याबरोबर गेले.

कोपऱ्यात खुर्ची मिळाली. बसल्या बसल्या एक ध्यानात आलं. माणूस आत यायचा, चित्राशेजारी चिकटवलेल्या छापील कागदाला नाक लावायचा, मान डोलवायचा, की निघाला पुढच्या कागदाकडे. चित्राकडे बघायचं जिवावर यायचं. कागद कुणा विद्वानानं लिहिलेले. मी एकेक अक्षर लावत वाचणारी. 'अनुपस्थितीचं अस्तित्व' इथं गाडी अडली, तेव्हा नाद सोडला आणि चित्रच बघितलं.

खुंटीला आमच्या ह्यांचा पांढरा शर्ट. ते जाऊन चार वर्षं झाली. आणि शर्टाचं तिसरं बटण काळं! पांढरं सापडेना म्हणून मीच कोटाचं लावलं होतं. अंगाचा तिळपापड झाला. घरातलं उणं असं भिंतीला टांगायचं?

पण सुनेचं पडलेलं तोंड आठवलं. ती चहाला गेली, तशी मी उठले आणि सगळे कागद सोलून पिशवीत कोंबले.

मग एक नवरा-बायको आले. कागद शोधला, मिळाला नाही. करतात काय? चित्र बघितलं.

बायको खुदकन हसली. "अहो, बटण बघा! आंधळ्यानं शिवलंय की काय?"

"आंधळ्यानं नाही," नवरा म्हणाला. "कामाला उशीर होत असला की माझी आई असंच लावायची. हाताला येईल ते." तो चित्राच्या आणखी जवळ सरकला.

सून दारात येऊन उभी होती. माझ्याकडेच बघत होती. गप्प बसले असते तर माझी लाज राहिली असती.

"मी शिवलंय," मी म्हटलं. "आणि डोळे शाबूत आहेत माझे. माणूस गेला, बटण अजून निघालेलं नाही."

बाई ओशाळली. मग जवळ येऊन हळूच म्हणाली, "ह्यांच्या आईनं लावलेलं निळं बटण मी गेल्या महिन्यात काढून टाकलं हो." तिचा नवरा चित्रासमोरून हलेना. मागून आलेले चौघे त्याच्या खांद्यावरून वाकून बघत उभे राहिले.

निघताना सुनेनं हात पुढं केला. "आई, कागद द्या."

"परत चिकटवणार?"

"नाही. मागची बाजू कोरी आहे. तुमचे हात काढायचेत."

"काढ. पण आधी नखं कापू दे."