मातालेनाच्या दारातली माया

रविवारी चर्च सुटलं की पांढऱ्या टोप्या घातलेल्या बायकांचा एक घोळका मातालेनाच्या दाराकडे वळायचा. तिची सहा वर्षांची लेक फुआ नव्या यकृताची वाट पाहत होती. फोन कधीही येईल, असं ऑकलंडच्या डॉक्टरांनी सांगून सात महिने झाले होते. आणखी एक गोष्ट त्यांनी बजावली होती. फोन येईल त्या दिवशी मुलीला ताप किंवा साधी सर्दी निघाली, तर ते यकृत यादीतल्या पुढच्या मुलाला जाईल.

एवढी साधी गोष्ट. पण आम्हा सामोअन माणसांच्या गळी ती उतरावी कशी? आजाऱ्याकडे गेलं की त्याच्या गालाला नाक लावून खोल श्वास घ्यायचा, तरच भेट झाली म्हणायची. नाक वाहत असलं तरी हरकत नाही. उलट, सर्दीतही आली बिचारी, म्हणून कौतुक.

मातालेनाने सगळ्यांना उंबऱ्याबाहेरच ठेवलं. नारळाच्या दुधात शिजवलेली अळूची पानं ती घ्यायची, भांडं घासून परत करायची आणि दार लावायची. चर्चच्या आवारात मग तिचा उद्धार व्हायचा, गोऱ्यांच्यात राहून गोरी झाली म्हणून. पाद्र्यांची बायको सीएनी सांगत सुटली होती की मुलीला यकृत नको, प्रार्थना हवी. यकृत कुठे असतं असं कुणी विचारलं असतं, तर सीएनीने बहुधा गुडघा दाखवला असता.

एकाच माणसाला अडवताना मातालेनाला जड गेलं. तिचे वडील तोमासी तिकडे सामोआतल्या सवाई बेटावरच्या शाळेतले निवृत्त मास्तर. नातीसाठी आले, ते विमानातून खोकतच उतरले. तिने त्यांची गादी गॅरेजमध्ये घातली. म्हातारा एका शब्दाने कुरकुरला नाही. दहा दिवस ते खिडकीबाहेर खुर्ची टाकून बसत आणि काचेआडून फुआला शिकवत. जंतू केवढा असतो? पेन्सिलीच्या टिंबात किती मावतील? फुआ चुकली की ते पुन्हा पहिल्यापासून सांगत.

त्या रविवारी सीएनी गाणाऱ्या बारा बायकाच घेऊन आली. त्यातल्या तिघी शिंकत होत्या. आज आत जाऊनच प्रार्थना करायची, असं ठरलं होतं. मातालेना दारात आडवी उभी राहिली.

"सर गं बाजूला. देवाच्या माणसांना अडवतेस?"

"देवाला सर्दी झालेली नाही, सीएनीताई. तुम्हाला झालीय."

"हे काय, जरासं नाक गळतंय." सीएनीने नाक पुसलं आणि त्याच रुमालाने डोळे टिपले. "सख्ख्या बापाला गॅरेजात टाकलंस. तुला काय कळणार माया!"

हे मात्र मातालेनाला लागलं. खिडकीपाशी तोमासी खोकले.

"सहा वर्षांच्या पोरीला दहा दिवसांत जे कळलं, ते तुला कळायला किती रविवार लागतील, सीएनी? सांग, तेवढे दिवस मी राहतो."

तेवढ्यात फोन वाजला. यकृत मिळालं होतं. आधी ताप बघा, असं नर्सने सांगितलं. मातालेनाने फुआच्या काखेत थर्मामीटर लावला. छत्तीस पूर्णांक आठ. ताप नाही. खोकला नाही, नाकही कोरडं. मग लगेच निघा, नर्स म्हणाली.

बॅग भरलेलीच होती. पण बातमी फुटली आणि दारातल्या बायका रडत, नाकं पुढे करत आत घुसू लागल्या. फुआला गाडीपर्यंत न्यायचं कसं?

तोमासी उठले. काठी आडवी धरून ते शाळेतल्या आवाजात म्हणाले, "सगळ्यांनी कुंपणाशी रांग करा. तोंडं कुंपणाकडे."

त्यातल्या पाचजणी मूळच्या सवाईच्या, लहानपणी त्यांच्या वर्गात बसलेल्या. त्यांचे पाय आपोआप वळले आणि बाकीच्या त्यांच्यामागून गेल्या. सीएनी सगळ्यांत शेवटी गेली. तोमासीही रांगेच्या टोकाला जाऊन कुंपणाकडे तोंड करून उभे राहिले. नातीला एकदा डोळे भरून पाहावं, म्हणूनसुद्धा ते वळले नाहीत.

मातालेनाने फुआला मागच्या सीटवर बसवून पट्टा लावला आणि गाडी काढली. फाटकातून बाहेर पडताना सीएनीची शिंक ऐकू आली. कुंपणावर गेली ती.