तोंड बांधलेला गीझर

मित्रांनो, जानेवारीतल्या एका सकाळी मी फुटलो.

हे वाक्य तुम्ही वाचलं नाही असं समजा. मीही ते म्हटलं नाही असं समजतो. मी एक जुना, पंधरा लिटरचा, सुखी गीझर आहे आणि लखनौच्या महानगर वसाहतीत एका बाथरूमच्या भिंतीवर व्यवस्थित टांगलेला आहे. त्या भिंतीला मोठं भोक आहे, पण त्याचा इथे काही संबंध नाही.

माझी निवड फार अभ्यासपूर्वक झाली. घरचे बाबा, चंद्रहास, वनस्पतींचे शास्त्रज्ञ. त्यांनी महिनाभर वहीत तक्ते आखले होते. अमीनाबादच्या दुकानात मात्र त्यांच्या पत्नी वसुधाताईंनी एकच प्रश्न विचारला, “बाल्टी कितनी निकलेगी?”

“दो, मैडम. एक नहाने की, एक गुनगुनाने की,” दुकानदार अदबीनं म्हणाला. तक्ते पिशवीतच राहिले. निघताना तो म्हणाला, “बस, साल में एक बार खुलवा लीजिएगा. यहाँ का पानी खारा है.”

“हाँ हाँ, ज़रूर,” बाबा म्हणाले. त्या ‘ज़रूर’वर मी आठ वर्षं काढली.

माझ्या पोटात एक दांडी होती. खारं पाणी आधी दांडीला खातं, म्हणून टाकी वाचते. दांडी दरवर्षी बघायची असते. माझी तिसऱ्या वर्षी संपली. घरात कुणी दुखवटा पाळला नाही. मग पाणी माझ्याकडे वळलं.

तरी दिवस चांगले होते. मी आलो तेव्हा त्यांची मुक्ता टबात बसायची. आता ती दहा वर्षांची आहे, तिला मराठी समजतं, उत्तर ती हिंदीत देते आणि माझ्याखाली उभी राहून बेसूर गाते. तिच्या गाण्याला मी एकटाच श्रोता होतो. मला उठून जाता येत नव्हतं हे खरं, पण मी गेलोही नसतो.

आठव्या हिवाळ्यात मी पाणी तापायच्या आतच थांबू लागलो. मिस्त्री आला. पाणी पुरेसं तापलं की मला बंद करणारा थर्मोस्टॅट बिघडला होता. मिस्त्रीनं तो काढला आणि तारा थेट एकमेकींना जोडल्या.

“डायरेक्ट कर दिया, सर. अब रुकेगा ही नहीं.”

आणि खरंच, माझं कौतुक सुरू झालं. “काय कडक पाणी येतंय हो आता!” वसुधाताई म्हणाल्या. एवढी स्तुती माझ्या वाट्याला कधी आली नव्हती. मी त्या दिवसापासून घाबरून राहू लागलो.

आता एकच आधार उरला. माझ्या बुडाशी सेफ्टी व्हॉल्व्ह असतो. आत दाब वाढला की त्यातून थेंब सोडायचा. तेच माझं बोलणं. टप् म्हणजे ‘बास करा’. टप् टप् म्हणजे ‘अहो, बास करा’.

ते मुक्ताला ऐकू आलं. “बाबा, गीज़र रो रहा है.”

बाबा सोलापूरचे. चार दिवसांआड नळ येणाऱ्या गल्लीत वाढलेले. वाया जाणारा थेंब त्यांना बघवत नाही. त्यांनी व्हॉल्व्हच्या तोंडात लाकडी खुंटी ठोकली, वरून सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली आणि तारेनं आवळली. “झालं गप्प,” ते म्हणाले.

रोज सकाळी बटण दाबलं की मी मिनिटं मोजायचो. बारा झाली की कुणीतरी बंद करायचं. एकदा सतरा झाली. तेव्हा माझा पत्रा आतून करकरला.

मग ती सकाळ आली, जी आलीच नाही. दाट धुकं होतं, थंडीमुळे शाळा बंद. वसुधाताईंनी बटण दाबलं आणि दोन मिनिटांत लाईट गेली. घर इन्व्हर्टरवर चालू राहिलं. मी इन्व्हर्टरवर नाही, म्हणून मला सगळे विसरले. लाईट परत आली तेव्हा घरातले दिवे आधीपासूनच लागलेले होते. ती आल्याचं कळलं फक्त मला.

दहा मिनिटं. वीस. तीस. भिंतीतले बोल्ट हलू लागले. टप् म्हणावं, तर तोंड बांधलेलं.

“मुक्ता, ऊठ! आंघोळ कर.”

“पाँच मिनट, आई.”

मित्रांनो, माझा जन्मच स्वच्छतेसाठी झालेला. पण त्या क्षणी मी देवाकडे एकच मागितलं. या मुलीला आज पारोसी राहू दे.

पाच मिनिटांनी ती आली. तिनं कडी लावली. मी थरथरलो. तिनं वर बघितलंच नाही. बेसिनच्या गार पाण्यात बोटं बुडवून पुढचे केस ओले केले, टॉवेलचं टोक भिजवलं, गाण्याच्या दोन ओळी म्हटल्या आणि बाहेर गेली. इतकी सुंदर लबाडी मी कधी पाहिली नव्हती.

“झाली एवढ्यात?”

“हाँ, हो गई.”

“बघू. मान कोरडी, पाठ कोरडी! चल परत, आज मीच घालते तुला.”

आता पावलं दोघींची होती.

“आई, ठंड है! कसम से, कल दो बार नहाऊँगी!” मुक्तानं आतल्या खोलीतल्या पलंगाच्या पायाला मिठी मारली. वसुधाताई तिला ओढत होत्या, पलंग हलत होता, आणि चौदा पावलांवर मी,

मी व्यवस्थित टांगलेला आहे.

बाथरूमचं दार समोरच्यांच्या गच्चीत सापडलं. लाल बादली अजून सापडलेली नाही. माणसं सगळी धड आहेत. बाबा ती रबराची पट्टी हातात घेऊन बराच वेळ जमिनीवर बसले होते.

मुक्ता आता गॅसवर तापवलेल्या पाण्यानं आंघोळ करते. दार उघडं ठेवून. न गाता.

मित्रांनो, तुमचा गीझर टपकत असेल तर त्याचं ऐका, तोंड बांधू नका. वर्षातून एकदा त्याला उघडून बघा. आणि मिस्त्री ‘डायरेक्ट’ म्हणाला की त्याला चहा पाजून परत पाठवा. बाकी माझा अर्ज खालीलप्रमाणे आहे.

सबब, संबंधित अधिकाऱ्यांस विनम्र विनंती की, सदर दिवशीची सकाळी सात ते पावणेआठ ही वेळ रद्द करण्यात यावी, अर्जदारास भंगारातून काढून मूळ भिंतीवर, मूळ बोल्टांवर टांगण्यात यावे, आणि कु. मुक्ता हिचे गाणे, दार लावून, पूर्वीइतकेच बेसूर, तात्काळ सुरू करण्यात यावे.

सोबत : रबराची पट्टी, एक नग.