उघड्या हाताचं कलम

"साबण नाही का इथं?"

"होता की," शिपाई म्हणाला. "संपला."

"मग आणायचा कुणी?"

"ते साहेबांना विचारा, बाई. मी पाणी येतंय का तेवढं बघतो."

बाईंनी पिशवीतून स्वतःची वडी काढली. रुग्णालयात कुणी, कधी, कसे हात धुवायचे याचं धोरण ज्या मजल्यावर ठरत होतं, त्याच मजल्यावरच्या बेसिनपाशी साबण नव्हता. याचं त्यांना आता हसूही येत नसे. हात धुऊन त्यांनी वडी तिथंच ठेवून दिली. अशा बऱ्याच वड्या त्यांनी या सरकारी इमारतीच्या पदरात घातल्या होत्या. पाठीमागे सगळे त्यांना साबणवाल्या बाई म्हणत, आणि ते त्यांना ठाऊक होतं.

बाई तशा शिवणकाम करून पोट भरणाऱ्या. समिती, मसुदा, कलम हे सगळं डोक्यावरून जाणारं प्रकरण. पण नवरा गुडघ्याच्या साध्या ऑपरेशनला म्हणून आपल्या पायांनी चालत रुग्णालयात गेला, तिथं जखमेत जंतू शिरले, आणि तो काही परत आला नाही. चौकशीत निघालं ते एवढंच, की ड्रेसिंग करणारे हात एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर न धुता गेले होते. पुढं रुग्णांसाठी भांडणाऱ्या एका संघटनेच्या वकीलबाईंनी त्यांना गाठलं आणि रुग्णांच्या बाजूनं बोलायला हे धोरण ठरवणाऱ्या समितीवर आणून बसवलं.

दर बैठकीत बाई आपली गोष्ट सांगत. सांगून सांगून ती गुळगुळीत झाली होती. कुठं थांबायचं, कुठल्या वाक्याला साहेब पेन खाली ठेवणार, सगळं त्यांना पाठ होतं. वाईट एवढंच झालं, की घरी नवऱ्याला आठवायला बसलं तर त्याच्याआधी ती गोष्टच पुढं येऊन उभी राहायची. त्यांना तो हवा असायचा, आणि मिळायची ती बैठकीतली तीन मिनिटांची गोष्ट.

वकीलबाई जिन्याशी वाट बघत उभ्या होत्या. वयानं मुलीसारख्या, पण धाक आईसारखा.

"काकू, आज शेवटची बैठक. मसुदा मंजूर झाला की थेट मंत्र्यांच्या सहीला. नेहमीचं बोला आणि बसा."

"आणि ते मोज्यांचं कलम?"

वकीलबाईंनी सुस्कारा सोडला. कलम साधं होतं. संसर्ग झालेल्या रुग्णाला नातेवाइकांनी हातमोज्यांशिवाय हात लावू नये.

"मला तरी कुठं पटतंय ते? पण एक कलम उकरलं, की साहेब म्हणणार, पाठवा सगळं परत खात्याखात्यांत. वर्षभर गेलंच समजा. हात धुण्याची सक्ती, तपासणी, सगळं लटकलं. आणि तेवढ्या वेळात आणखी माणसं जातील, काकू."

"खरं आहे गं तुझं," बाई म्हणाल्या. आणि ते खरंच होतं, म्हणून तर जीव टांगणीला लागला होता.

त्यांचा नवरा गवंडी होता. गिलाव्याच्या कामात त्याचा हात धरणारा दुसरा नव्हता. पण सिमेंटनं त्या हातांची पार खवणी झालेली. गिऱ्हाइकाचं रेशमी कापड मशिनवर असलं की बाई ओरडायच्या, "अहो, हात लावू नका, धागा ओढला जाईल." मग तो दोन्ही हात वर करून, पोलिसांनी पकडल्यासारखा, मशिनला वळसा घालून जायचा. रात्री मात्र बाईंचं उजव्या हाताचं पहिलं बोट चाचपायचा. सुया टोचून टोचून त्या बोटाच्या टोकाला घट्टा पडला होता. "मला काय नावं ठेवतेस? हे बघ, तुझा पण गिलावा झालाय," असं म्हणून हसायचा. ते हसणं कानात नीट आणावं म्हणून बाई हल्ली मशिन थांबवून नुसत्या बसायच्या. कधी यायचं, बहुतेक वेळा नाही.

बैठकीत कलमं भराभर मंजूर होत गेली. मधल्या खुर्चीवर अध्यक्ष म्हणून साहेब, त्यांच्या उजवीकडे जंतूंच्या तज्ज्ञ डॉक्टरीणबाई. त्यांनीच सगळा मसुदा लिहिलेला.

"बाई, बोला," साहेब म्हणाले, आणि घड्याळाकडे बघितलं.

"माझे मिस्टर गवंडी होते," बाईंनी नेहमीसारखी सुरुवात केली. "गुडघ्याच्या ऑपरेशनला..." आणि पुढचं वाक्य येईना. तोंडपाठ होतं, तरी येईना. समोर वकीलबाईंनी मान खाली घातली.

"साहेब, ती गोष्ट तुम्हाला माहीत आहे," बाई म्हणाल्या. "दुसरं एक सांगते. ते मी कुणाला सांगितलं नाही. त्यांना वेगळ्या खोलीत ठेवलं होतं. मला गाऊन, तोंडाला मास्क, हातात मोजे. बाहेर पाटीच होती तशी. मी आपली पाटीप्रमाणे वागणारी बाई. ताप चढलेला, डोळे मिटलेले. मी त्यांचा हात हातात घेऊन बसले होते. तर ते विचारतात, सिस्टर, माझी बायको आली का हो?"

साहेबांनी पेन खाली ठेवलं.

"मी म्हटलं, अहो, मीच आहे. मास्कमधून आवाज तरी कितीसा जाणार? त्यांनी बोटं चाचपली माझी. माझ्या या बोटाला घट्टा आहे, त्यांना अंधारात पण कळायचं ते. पण वरून रबर. ते म्हणाले, बरं, आली की सांगा, मी जागाच आहे. मी तिथंच होते, साहेब. आणि ते माझी वाट बघत गेले."

बाईंनी पदरानं डोळे पुसले आणि डॉक्टरीणबाईंकडे वळल्या. "मला एवढंच विचारायचं आहे. साबणानं चांगला धुतलेला हात लावला असता, तर काय बिघडलं असतं?"

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला. "रक्त, उघडी जखम असेल तर मोजे पाहिजेतच. एरवी नातेवाइकांना धुतलेला हात पुरतो. उलट मोजे चढवले की लोक हात धुवायचे विसरतात."

"मग मोजे का लिहिलेत?"

"नातेवाईक नीट हात धुतील याचा भरवसा नव्हता म्हणून. शिकवायला माणसं नाहीत, बाई."

"मी शिकवीन," बाई म्हणाल्या.

साहेबांनी मसुद्याचं ते पान काढलं. कलम बदललं तर मसुदा परत फिरवावा लागेल, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत होतं? शेवटी साहेबांनी पेन उचललं. "हातमोजे घातल्याशिवाय नाही, असं आहे. त्याच्या जागी, हात धुतल्याशिवाय नाही, असं करू. रक्त, जखम असेल तेव्हा मोजे. ही भाषेची दुरुस्ती झाली. भाषेच्या दुरुस्तीला मसुदा परत पाठवायची गरज नाही." मग शिपायाला हाक मारून म्हणाले, "आणि त्या बेसिनवर साबण ठेवा रे. लाज आणता."

सही व्हायला पावसाळा उलटला. त्यानंतर आठवड्यातून दोन दुपारी बाई एका रुग्णालयात वेगळ्या खोल्यांबाहेरच्या बेसिनपाशी उभ्या राहू लागल्या. नवरा जिथं गेला, ते हे रुग्णालय नव्हतं. तिथं जायला त्यांचा पाय उचलला नाही.

एका दुपारी एक म्हातारेबुवा आले. आत त्यांची बायको होती. बाईंनी आधी स्वतः हात धुऊन दाखवले, मग त्यांच्याकडून धुऊन घेतले.

"नखांखाली, आजोबा. अंगठा राहिला. आता मनगट."

"लग्नात सुद्धा एवढे धुतले नव्हते," आजोबा पुटपुटले.

"मग आता धुवा."

सिस्टरनं त्यांना गाऊन घातला, मास्क बांधला आणि आत सोडलं. बाई काचेतून बघत राहिल्या. आजोबा खाटेशी जरा घुटमळले, सवयीनं आजूबाजूला बघितलं, कुणी ओरडत नाही ना. मग त्यांनी आपला ओला, उघडा हात बायकोच्या हातावर ठेवला. तिचे डोळे मिटलेलेच होते. तिनं त्या हाताचा अंगठा चाचपला, आणि तिचे ओठ हलले. काय म्हणाली ते काचेबाहेर आलं नाही. आजोबा मात्र मान हलवत राहिले, हो, हो, मीच.

बाईंना आपला माणूस हवा होता, अगदी त्या घटकेला, त्या खोलीत. त्यांचेही हात अजून ओलेच होते. धुतलेला हात कुठंही पुसायचा नाही, आपोआप वाळू द्यायचा, हे त्या सगळ्यांना शिकवत. म्हणून दोन्ही हात वर धरून, कशालाही न लावता, त्या काचेशी उभ्या राहिल्या.