राखणीचे चौघे

सुलक्षणाचे लग्न होऊन ती पिंप्राळ्याला नांदायला गेली, त्याच वर्षीच्या माघात झुलालने तिच्या धाकट्या भावाला कापसाच्या जिनिंगच्या अंगणात पाडून पट्ट्याने मारले. पट्टा यंत्राचा होता, जुना, हातभर लांब. पहिला फटका पाठीवर बसला तेव्हा कुंदन गुडघ्यांवर आला. दुसरा मांडीवर बसला तेव्हा तो कुशीवर कोसळला. मागे प्रेसच्या शेडमधून काळा धूर निघत होता आणि जळक्या सरकीचा वास सगळ्यांच्या नाकातोंडात गेला होता.

भिकनला टेम्पोत घालून नुकतेच जळगावला नेले होते. तो प्रेसवर रुई दाबत होता. आगीतून बाहेर काढला तेव्हा शर्टाबरोबर दंडाची कातडी निघून आली. टेम्पो फाटकाबाहेर पडताना कोणीतरी ओरडले, भिकन गेला. खरे की खोटे, कोणी पाहिले नाही. भिकनचा भाऊ पुना साक्रीकडच्या मजूर टोळीचा मुकादम. टोळीतल्या सगळ्यांच्या हातात रुईच्या गाठी ओढायचे लोखंडी आकडे होते. त्यांनी कॉम्प्युटरच्या खोलीची काच फोडली आणि कुंदनला बाहेर ओढले. काचेने त्याचा तळहात चिरला.

पुनाने एकच विचारले.

"मशीननं काम कोनी बदलं?"

"मी," कुंदन म्हणाला.

पुनाचा आकडा वर गेला होता. तेवढ्यात त्या गर्दीतून झुलाल घुसला. तो या जिनिंगचा जुना फिटर, कुंदनचा बाप. त्याने पुनाच्या आधी पोराची गचांडी धरली आणि मारायला सुरुवात केली. बाप मारत असला की दुसऱ्याने हात घालू नये, अशी तिकडची रीत. लोक उभे राहतात, बाप दमला की सोडवतात. टोळीने आकडे खाली केले आणि गोल केला.

खाली वाकून पट्टा हाणताना झुलाल पोराच्या कानाशी म्हणाला,

"पडी ऱ्हाय. उठू नको."

पाचोऱ्याहून पोलिसांची गाडी निघाली आहे, असे ऑफिसच्या पायरीवरून प्रेमराजशेठ सांगत होते. जिनिंग त्यांची. आणखी एक गोष्ट ते सांगत होते, की मशीन सगळे या पोराच्याच हातात होते.

ते खोटे नव्हते. कपाशीत एखादा खडा, एखादा खिळा येतो, सरकी वेगळी करणाऱ्या जिनच्या सुरीला घासतो आणि ठिणगी उडते. ती ठिणगी रुईबरोबर वाऱ्याच्या नळीतून प्रेसकडे धावते. नळीत कॅमेरा होता. ठिणगी दिसली की पापणी लवायच्या आत झडप उघडायची आणि तेवढी रुई बाहेरच्या खड्ड्यात पडायची. हे सगळे बघणाऱ्या कॉम्प्युटरला दोन प्रोसेसर होते. प्रत्येकाचे कोअर, म्हणजे काम करणारे हात, वेगळे, प्रत्येकाची मेमरी त्याच्याजवळ. कॅमेऱ्याची वायर पहिल्या प्रोसेसरच्या बाजूला येत होती. म्हणून कुंदनने ठिणगी बघण्याचे काम त्याच बाजूच्या चार कोअरवर बांधून ठेवले होते. बाकीची कामे, काट्याचे वजन, गाठींची मोजदाद, फाटकावरचे कॅमेरे, सगळी पलीकडे. या चौघांकडे दुसऱ्या कोणाला फिरकू दिले नव्हते. झुलालला त्याने हे एकदा जेवताना समजावले होते. झुलालला ते लगेच पटले. ज्या आळीत आग लागायची, पाण्याची घागर त्याच आळीत भरून ठेवावी.

शेठला पटले नाही. आवक वाढली होती, ट्रॅक्टरांची रांग रस्त्यापर्यंत गेली होती आणि काट्याची पावती निघता निघत नव्हती. शेठ खोलीत येऊन पडद्यासमोर उभे राहिले. पडद्यावर बाकीचे रकाने लालभडक भरलेले, हे चार जवळजवळ रिकामे.

"हे चौघं माझे जावई आहेत का? बसून खातात नुसते."

"बसलेले नाहीत शेठ. राखणीला उभे आहेत."

"राखण मी ठेवली आहे फाटकावर. सगळ्यांना सारखं काम वाटून दे."

कुंदनने काही दिवस टाळले. मग घरी बापाला विचारले. झुलालने उभा जन्म मालकाच्या शब्दावर काढला होता. भाकरी मोडत तो म्हणाला, "मालक सांगस तसं कर. आपलं काय जास?"

कुंदनने काम सारखे वाटून दिले. पावत्या भराभर निघू लागल्या. शेठनी त्याला चहा पाजला. त्या दिवशी सकाळी ठिणगी उडाली ती कॅमेऱ्याने पाहिली, पण ते चित्र पलीकडच्या मेमरीत गेले आणि वजनांच्या मागे रांगेत उभे राहिले. झडप उघडली. तोवर ठिणगी भिकनच्या पायाशी पोचली होती.

कुंदनने अंगणात शेठचे नाव घेतले नाही, बापाचेही नाही. तोंड मातीत खुपसून तो पडून होता.

झुलाल जोरात मारत होता. मार खरा दिसायला हवा होता, म्हणून तो खराच मारत होता. पाठीच्या वरच्या भागावर, ढुंगणावर, मांडीवर, पोटरीवर. एकदा मारल्या जागी लगेच परत मारत नव्हता. बरगडीखालची बाजू सोडत होता, कणा सोडत होता, पोट दिसले तर पायाने पोराला पालथा करत होता. पट्ट्याच्या टोकाला सांध्याची लोखंडी पट्टी होती, ते टोक त्याने मुठीत धरले होते. मुठीतून रक्त ठिबकत होते. लोकांना ते पोराचे वाटले.

गोलातला एकजण हसला. म्हातारा पोराला झोडपतो की गोधडी, म्हणाला. मग कोणी हसले नाही. पुना पुढे आला आणि वाकून बघत राहिला. त्याने आयुष्यभर माणसांकडून काम करून घेतले होते. कोण अंग चोरतो हे त्याला कळत होते.

"आबा," तो हळू म्हणाला, "तू डोकं सोडीसन मारी ऱ्हायना."

झुलालचा हात थांबला.

"मना भाऊ जळना," पुना म्हणाला. त्याने हातातला आकडा पुढे केला. "हाऊ ले."

गोल जवळ आला. फाटकाकडे गाडीचा आवाज नव्हता. झुलालने पट्टा टाकला आणि आकडा घेतला. मग तो उलटा फिरवून लोखंडाची बाजू आपल्या हातात धरली, लाकडी दांडा पुढे केला, आणि कुंदनच्या कानाच्या वर एक मारला.

नारळ दगडावर ठेवावा तसा आवाज झाला. झुलालने पुन्हा हात उचलला. तो हात पुनाने वरच्या वर धरला.

"सोड आबा. तुनाच पोऱ्या शे."

मग सगळेच सोडवायला धावले. ज्यांनी काच फोडली होती त्यांनीच कुंदनला बगलेत धरून उठवले आणि सावलीत बसवले. एका बाईने तांब्याभर पाणी आणले. कुंदन पाणी प्याला, आपल्या पायांनी उभा राहिला. कानात प्रेस चालू असल्यासारखे वाटते, एवढेच म्हणाला. पोलीस आले तेव्हा मारहाणीचे काही उरले नव्हते. शेठनी त्यांना पायरीवर खुर्च्या टाकल्या.

कुंदनला जबाबासाठी पाचोऱ्याला न्यायचे ठरले. जीपमध्ये झुलाल त्याच्या शेजारी बसला. स्वतःच्या रुमालाने त्याने पोराच्या मानेवरची माती पुसली. पोराची सगळी हाडे त्याने डोळ्यांनी मोजून घेतली होती, सगळी जागच्या जागी होती. रस्त्याला लागल्यावर कुंदनने डोके बापाच्या खांद्यावर टेकले. झोप येते, म्हणाला. झुलालला बरे वाटले. त्याने ड्रायव्हरला गाडी हळू घ्यायला सांगितले.

भिकन वाचला. त्याचे दोन्ही हात आखडले, पण तो वाचला. कुंदन त्याच दिवशी, रथसप्तमीच्या आदल्या दिवशी, पाचोऱ्याला पोचण्याआधी वारला.